ग्रेट झिम्बाब्वे: चुन्याशिवाय उभी राहिलेली राजधानी

झिम्बाब्वे म्हटलं की आपल्याकडे आधी क्रिकेट आठवतं. 1983च्या विश्वचषकात कपिलदेवने नाबाद 175 धावा ठोकल्या त्या याच संघाविरुद्ध. या देशाच्या झेंड्यावर एक पिवळा पक्षी आहे, तो सामन्यांच्या निमित्ताने बहुतेकांच्या नजरेखालून गेला असेल. तो मऊ दगडात कोरलेल्या एका जुन्या मूर्तीचा आकार आहे. तशा मूर्ती ज्या उजाड नगरात सापडल्या, त्या नगरावरूनच 1980 साली स्वतंत्र झालेल्या या देशाने आपलं नाव घेतलं.

त्या नगराला आज ग्रेट झिम्बाब्वे म्हणतात. त्याच्याबद्दल इंटरनेटवर काय वाटेल ते वाचायला मिळतं. कोणी म्हणतं ते प्राचीन लेबाननच्या फिनिशियन लोकांनी बांधलं, कोणी बायबलमधल्या शिबाच्या राणीचं नाव घेतं, कोणी अरबांचं, तर कोणाला तिथे भारतीय कारागीर दिसतात. परग्रहवासीयांपर्यंतही मजल गेलेली आहे. 'हे रहस्य अजून उलगडलेलं नाही' हे वाक्य ठरलेलं. खरं तर मुख्य प्रश्नाचं उत्तर 1905 सालीच मिळालं होतं आणि 1929 नंतर त्यावर शंका घ्यायला जागा उरली नव्हती. ते उत्तर कसं मिळालं, आणि मिळाल्यावरही इतकी वर्षं दाबलं का गेलं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ते माहीत असेल तर तिथल्या भिंती वेगळ्याच दिसतात.

## कुठे, कधी, केवढं

झिम्बाब्वेच्या दक्षिण भागात मस्विंगो नावाचं गाव आहे. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, ग्रॅनाइटच्या टेकड्यांमध्ये हे अवशेष पसरले आहेत. एकूण क्षेत्र 700 हेक्टरच्या वर. 1986 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

बांधकाम साधारण अकराव्या शतकापासून टप्प्याटप्प्याने होत गेलं आणि तेराव्या-चौदाव्या शतकात शहर भरात होतं. आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं, पुढे ते बुडालं, तोच हा काळ. शोना भाषा बोलणाऱ्या लोकांच्या पूर्वजांच्या राज्याची ही राजधानी होती.

अवशेषांचे तीन भाग पडतात. एक टेकडीवरचा, तिथे मोठमोठ्या नैसर्गिक शिळांच्या मधल्या फटी भिंतींनी बुजवून आवारं तयार केली आहेत. दुसरा पायथ्याचा, ज्याला 'ग्रेट एन्क्लोजर' म्हणजे मोठं आवार म्हणतात. फोटोंत दिसतो तो बहुधा हाच. आणि तिसरा या दोहोंच्या मधल्या दरीत विखुरलेला.

लोकसंख्या किती होती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पूर्वी अठरा-वीस हजारांचा आकडा सर्रास दिला जायचा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा हजारांहून कमी, असा अंदाज मांडला गेला. कारण सोपं आहे. आज दिसणारी सगळी आवारं एकाच वेळी नांदती नव्हती, काही बांधली जात होती तेव्हा काही सोडून दिलेली होती.

## चुना नाही, माती नाही, मग भिंत उभी कशी?

मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे 250 मीटर घेराची आहे. काही ठिकाणी तिची उंची 11 मीटरपर्यंत जाते, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. पायाशी काही ठिकाणी ती पाच मीटर जाड आहे. या सबंध भिंतीत दोन दगडांना जोडणारा कुठलाही लेप नाही.

कोकणात परसाभोवती गडगा घालतात तो पाहिला असेल, तर यातलं तत्त्व लगेच कळेल. गडग्यात दगड दगडावर बसतो तो स्वतःच्या वजनाने आणि घासणीने. खालचे दोन दगड जिथे भेटतात तो सांधा वरच्या दगडाने झाकायचा. भिंत वर जाईल तसतशी थोडी आत कलती आणि निमुळती करत न्यायची, म्हणजे सगळं वजन मध्याकडे येतं. पाणी अडून राहत नाही, फटींतून वाहून जातं, त्यामुळे भिंत फुगत नाही. ग्रेट झिम्बाब्वेच्या भिंती म्हणजे हेच तंत्र फार मोठ्या प्रमाणावर आणि फार नेटकेपणाने वापरलेलं. दोन्ही बाहेरच्या अंगांना घडवलेले, सारख्या उंचीचे दगड थराने लावले आणि मधल्या पोटात ओबडधोबड दगड भरले.

आता एवढे विटेसारखे दगड आणले कुठून? इथे भूगोल मदतीला आला. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर, प्रचंड दाबाखाली तयार होतो. वरचा भार झिजून गेला की त्याचा दाब सुटतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर निघू लागतात. दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी या कामाला हातभार लावतात. या टेकड्यांच्या उघड्या अंगावर असे थर सुटलेले आजही दिसतात. त्यांच्या वरच्या आणि खालच्या बाजू आपोआपच एकमेकींना समांतर असतात. तिथल्या लोकांनी त्याला आगीची जोड दिली. खडकावर जाळ करून तो तापवायचा आणि वर गार पाणी ओतायचं, की थर तडकतो. मग हातोड्याने हवे तसे तुकडे पाडायचे.

भिंती बारकाईने पाहिल्या तर त्यांच्या दोन-तीन तऱ्हा ओळखू येतात. काही ठिकाणी दगड लहानमोठे आहेत आणि थर उंचसखल धावतात. काही ठिकाणी थर दोरी लावल्यासारखे सरळ आहेत, दगड जवळपास एका मापाचे. आणखी काही ठिकाणी नुसता रचलेला ढिगारा वाटावा अशी घाई दिसते. अभ्यासकांनी याचे प्रकार पाडले आहेत. सरळ थरांच्या भिंती उंचसखल थरांच्या भिंतींना येऊन टेकतात तिथे सांध्यावरूनच कळतं की आधी कोणती होती. मला या जागेतली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. बाहेरून तयार कारागीर आले असते, तर पहिल्या दिवसापासून सफाई दिसली असती. इथे पिढ्यान्‌पिढ्या हात सुधारत गेलेला दिसतो.

## एवढी भिंत कशासाठी?

किल्ला म्हणावा, तर तटावर पहाऱ्याची जागा नाही, बुरूज नाहीत. छपराचं ओझं पेलण्यासाठी म्हणावं, तर या भिंतींवर कधी छप्पर नव्हतंच. घरं वेगळी होती: माती आणि मुरूम कालवून केलेल्या, 'दागा' नावाच्या मिश्रणाची, गोल, वर गवताचं छप्पर असलेली. ती भक्कम होती, घोटून गुळगुळीत केलेली होती, पण पावसापाण्यात आणि खोदणाऱ्यांच्या फावड्यांखाली ती गेली. आज दिसतात त्या, अशा घरांभोवतीच्या आडोशाच्या भिंती. राजघराण्याचं आणि मानकऱ्यांचं जगणं इतरांच्या नजरेपासून वेगळं ठेवण्याचं आणि सत्ता दुरूनच जाणवून देण्याचं काम त्या करत. गोल घरांभोवती फिरणाऱ्या म्हणून त्या वळत जातात. इथे काटकोन शोधूनही सापडत नाही.

मोठ्या आवारात बाहेरची भिंत आणि आतली एक भिंत यांच्या मधून एक अरुंद वाट जाते. सुमारे 70 मीटर लांब, काही ठिकाणी एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. दोन्ही अंगांना डोक्याच्या कितीतरी वर गेलेला दगड आणि वर आभाळाची पट्टी. वाट वळत असल्याने पुढचं दिसत नाही, आणि शेवटी अचानक समोर येतो तो शंकूच्या आकाराचा मनोरा, सुमारे दहा मीटर उंच. आत खजिना असेल म्हणून पूर्वी लोकांनी तो उकरून पाहिला. तो भरीव आहे. धान्याच्या कणगीचा आकार मोठा करून राजाच्या अन्नदात्याच्या भूमिकेचं चिन्ह म्हणून तो उभारला, असं अनेक अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते पटत नाही.

## राजधानीचं पोट कशावर भरत होतं?

मुख्य आधार गुरांचा आणि ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांचा. ज्याच्याकडे गुरं जास्त त्याचा मान जास्त. त्यावर भर पडली सोन्याची. पठारावरचं सोनं आणि हस्तिदंत पूर्वेला हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर, सोफाला बंदराकडे जायचं आणि तिथून उत्तरेला किल्वा बेटाच्या व्यापाऱ्यांमार्फत पुढे. बदल्यात कापड, काचेचे मणी आणि चिनी मातीची भांडी येत. ग्रेट झिम्बाब्वेत चीनची हिरवट झिलईची भांडी, इराणी वाडगा आणि किल्वाच्या सुलतानाचं चौदाव्या शतकातलं तांब्याचं नाणं सापडलं आहे.

या व्यापाराचं एक टोक आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागजवळच्या चौल बंदरात सापडलेले काचेचे मणी आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेले काही मणी यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा काचेचा एक विशिष्ट प्रकार दोन्हीकडे जुळला. काच कुठल्या वाळूपासून आणि कुठल्या क्षारापासून केली, याची खूण तिच्यातल्या सूक्ष्म घटकांत राहते. मणी समुद्र ओलांडून गेला तरी ती पुसली जात नाही.

## मग व्यापाऱ्यांनीच बांधलं नसेल कशावरून?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. मात्र त्याच तर्काने चिनी भांडी सापडली म्हणून बांधणारे चिनी ठरतील, इराणी वाडगा सापडला म्हणून इराणी. आयात केलेल्या वस्तूंवरून एवढंच कळतं की इथल्या लोकांकडे त्या विकत घेण्याची ऐपत होती.

खरी ओळख पटते रोजच्या वापरातल्या वस्तूंवरून. स्वयंपाकाची मडकी, सुताच्या चात्या, लोखंडी कुदळी, गुरांची हाडं, घरांच्या जमिनी: सगळं त्याच प्रदेशातल्या परंपरेतलं, आणि थरामागून थर तेच. दुसरं असं की किनाऱ्यावरचे स्वाहिली व्यापारी घरं बांधत ती प्रवाळाच्या दगडाची, चुना वापरून, चौकोनी. त्यांच्या मशिदी होत्या, अरबी लेख होते. ते लोक इथे बांधायला आले असते, तर यातलं काहीतरी मागे उरलं असतं.

'आफ्रिकनांनी बांधलं तर असं दुसरं कुठे का नाही?' असंही विचारलं जातं. आहे की! झिम्बाब्वेत आणि शेजारच्या देशांत मिळून दोनशेच्या वर अशी दगडी ठिकाणं आहेत. बुलावायोजवळचं खामी, नालेटाले, दनांगोम्बे, मोझांबिकमधलं मान्यीकेनी, दक्षिण आफ्रिकेतलं थुलामेला. लिम्पोपो नदीकाठच्या मापुंगुब्वेला तेराव्या शतकातच टेकडीवर राहणारा राजा आणि पायथ्याला प्रजा अशी वसाहत होती. तिथल्या थडग्यात सापडलेला सोन्याच्या पत्र्याचा गेंडा प्रसिद्ध आहे.

## शिबाची राणी आली कुठून?

पोर्तुगीजांना या जागेची कुणकुण सोळाव्या शतकातच लागली होती. सोफालाचा कप्तान व्हिसेंते पेगादो याने 1531 साली आतल्या मुलखातल्या, चुना न वापरता बांधलेल्या दगडी वास्तूचा उल्लेख केला आहे. सॉलोमन राजा आणि शिबाची राणी यांच्या सोन्याच्या खाणी इथेच कुठेतरी असाव्यात, ही बायबलमधून आलेली कल्पना किनाऱ्यावर तेव्हापासूनच घोळत होती.

1871 साली कार्ल माउख हा जर्मन भूगोलतज्ज्ञ तिथे पोहोचला. दाराच्या लाकडी तुळईचा एक ढलपा त्याने काढला आणि त्याला तो आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, म्हणजे हे लाकूड लेबाननचं, म्हणजे आणणारे फिनिशियन, म्हणजे बांधणारी शिबाची राणी. असा तर्क त्याने खरोखर केला. ते लाकूड स्थानिक झाडाचं होतं.

हा तर्क त्या काळच्या साम्राज्याला फार सोयीचा पडला. सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश उद्योगपतीची कंपनी 1890 साली हा प्रदेश ताब्यात घेत होती. इथे पूर्वी गोऱ्या किंवा निदान बाहेरच्या लोकांचं राज्य होतं असं ठरलं, तर आपण परत आलो आहोत असं म्हणता येत होतं. ऱ्होड्सच्या पाठबळाने 1891 साली थिओडोर बेंटने उत्खनन केलं आणि बांधणारे अरबस्तानातले असं जाहीर केलं. 1895 साली तर या प्रदेशातले अवशेष खोदून सोनं काढण्यासाठी रीतसर कंपनी निघाली.

सर्वांत मोठं नुकसान मात्र त्यानंतर झालं. 1902 मध्ये रिचर्ड हॉल या पत्रकाराला अवशेषांचा रखवालदार नेमलं. 'मूळ' बांधणाऱ्यांच्या खुणा शोधायच्या म्हणून त्याने वरचे कित्येक फूट मातीचे थर उपसून फेकून दिले, कारण त्यांत त्याला फक्त आफ्रिकन लोकांची घरं आणि मडकी दिसत होती. ज्या पुराव्यावरून उत्तर मिळायचं तोच कचरा समजून टाकला गेला. हे वाचताना आजही राग येतो. दोन वर्षांनी त्याला काढलं, तोवर भरून न येणारी हानी झाली होती.

## जमिनीची साक्ष

पुरातत्त्वातला एक साधा नियम आहे. भिंत उभी राहण्याआधी जमिनीवर जे पडलेलं असतं ते तिच्याखाली गाडलं जातं. म्हणून भिंतीखाली न विस्कटलेल्या थरात जी वस्तू सापडते, तिच्यापेक्षा भिंत जुनी असूच शकत नाही.

1905 साली पुरातत्त्वज्ञ डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने थरांवरून सांगितलं की हे बांधकाम मध्ययुगातलं आहे आणि आफ्रिकन आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एवढा गदारोळ केला की 1929 साली ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेने पुन्हा तपासणीसाठी पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांना पाठवलं. त्यांच्यासोबत डोरोथी नोरी आणि पुढे जेरिकोच्या उत्खननाने गाजलेल्या कॅथलीन केन्यन होत्या. इतरांच्या फावड्यांतून वाचलेली दरीतली एक जागा त्यांनी मुद्दाम निवडली आणि पद्धतशीर खोदली. शंकूच्या मनोऱ्याखालीही बोगदा काढून पाहिलं. निष्कर्ष तोच: प्रत्येक थरातला पुरावा आफ्रिकन आणि मध्ययुगीन.

पुढे रेडिओकार्बन पद्धत आली. सजीव मेल्यावर त्याच्यातला किरणोत्सारी कार्बन ठराविक गतीने घटत जातो, साधारण 5,730 वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजून वय काढायचं. 1950च्या दशकात इथल्या एका लाकडाचं वय सहाव्या-सातव्या शतकापर्यंत मागे गेलं आणि 'प्राचीन' वाल्यांना पुन्हा जोर चढला. पण झाडाचा गाभा त्याच्या सालीपेक्षा शेकडो वर्षांनी जुना असू शकतो, आणि टिकाऊ लाकूड पुन्हा पुन्हा वापरलं जातं. पुढच्या अधिक अचूक मोजण्यांत ते जुनं वय टिकलं नाही.

## पुरावा असूनही वाद का चालू राहिला?

कारण तो वाद पुरातत्त्वाचा नव्हताच. तेव्हा ऱ्होडेशिया म्हटल्या जाणाऱ्या या देशात 1965 साली इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. काळ्या बहुसंख्याकांना राज्य करता येत नाही, या समजुतीवर ते सरकार उभं होतं. त्याच लोकांच्या पूर्वजांनी हे शहर वसवलं, हे सरकारी माहितीपत्रकात छापणं त्याला परवडणारं नव्हतं. बांधणारे कोण याबद्दल मोघम लिहा, असा दबाव अभ्यासकांवर आला. स्मारकांचे निरीक्षक पीटर गार्लेक यांनी तो मानला नाही. 1970 मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

दगडी पक्ष्यांचाही प्रवास याच इतिहासाचा भाग आहे. 1889 साली विली पोसेल्ट नावाच्या शिकाऱ्याने टेकडीवरून एक पक्षी काढून नेला. तो ऱ्होड्सने विकत घेतला आणि केपटाऊनच्या आपल्या घरात ठेवला. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्यांपैकी काही पक्षी 1981 साली परत आले, तेही मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या वैज्ञानिक संग्रहाच्या बदल्यात. एका पक्ष्याचा बर्लिनला गेलेला खालचा भाग 2003 साली परत मिळाला.

## शहर ओस का पडलं?

पंधराव्या शतकात इथलं महत्त्व कमी होत गेलं. एका रात्रीत काही घडल्याची खूण नाही. आजूबाजूची जमीन आणि चराई यांच्यावर ताण आला असावा, सोन्याच्या वाटा उत्तरेला झांबेझीकडे सरकल्या, सत्ता पश्चिमेला खामीकडे आणि उत्तरेला मुतापा राज्याकडे गेली. हळूहळू माणसंही गेली. पूर्वी साधारण 1450 हे साल ठोकून सांगितलं जायचं; वस्ती त्यानंतरही बराच काळ होती असं आता काही अभ्यासक दाखवतात.

पाणी संपलं म्हणून लोक गेले, हे स्पष्टीकरण तर नव्याने तपासलं जात आहे. परिसरात मोठमोठे खड्डे आहेत. घरांसाठी माती काढली त्याचे ते खड्डे, असं समजलं जायचं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की टेकड्यांवरून वाहून येणारं पाणी आणि जमिनीतले पाझर साठवायला ते वापरले जात असावेत. कोरड्या हंगामात शहर कसं भागवत होतं याचं ते पटण्यासारखं उत्तर आहे.

## बघायला जायचं असेल तर

हरारेहून मस्विंगो रस्त्याने साधारण 300 किलोमीटर. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चांगला. जून-जुलैच्या सकाळी स्वेटर लागतो. पूर्ण दिवस हाताशी ठेवा, दोन तासांत फोटो काढून निघायची ही जागा नाही. सकाळी ऊन चढण्याआधी टेकडी करा. वर जायला जुनी वाट आहे, शिळांच्या खिंडीतून अरुंद पायऱ्यांची; उतरायला सोपी वाट आहे. वरून मोठ्या आवाराचा घेर एका नजरेत दिसतो, मग खाली उतरून त्यात शिरलं की मापाचा अंदाज येतो. आग्नेय बाजूला भिंतीच्या माथ्यावर दगड तिरपे बसवून केलेली नागमोडी नक्षी आहे, ती बाहेरून पाहावी लागते.

दरीतले अवशेष बहुतेक लोक टाळतात, आणि तिथेच केटन-थॉम्पसन यांची जागा आहे. स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. आसपासच्या नेमान्वा आणि मुगाबे या कुळांची या जागेशी पिढीजात नाती आहेत आणि तिचे राखणदार कोण यावर त्यांच्यात जुना वादही आहे. (हे मुगाबे घराणं म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षांचं नव्हे.)

जाल तिथे भिंतींलगत एक ओळखीचं झुडूप भेटेल. रंगीबेरंगी फुलांची घाणेरी, जी आपल्याकडच्या जंगलांना गिळत चालली आहे, तिनेच इथेही ठाण मांडलं आहे. तिची मुळं सांध्यांत शिरून दगड सरकवतात. ती उपटण्याचं काम चालू आहे, पण ओढून काढताना दगडही सोबत निघू शकतो म्हणून ते सावकाश करावं लागतं. त्याच कारणाने भिंतीवर चढणं तर सोडाच, फोटोसाठी टेकूनही उभं राहू नये. इथला प्रत्येक दगड फक्त शेजारच्या दगडाच्या आधाराने जागेवर आहे.